जुनी गाडी, बंद एसी: कोल्हापुरात दुरुस्त करावा की तशीच चालवावी?

पापाची तिकटी

गाडी २००५ ची पेट्रोल हॅचबॅक. ब्लोअर चारही स्पीडवर चालतो, पण हवा गरम. एसीचं बटण दाबलं की दिवा लागतो, पुढे 'टक्' आवाज येत नाही, इंजिनाचा आवाजही बदलत नाही. एका ठिकाणी 'कॉम्प्रेसर बदला' म्हणाले, दुसरीकडे 'गॅस भरून बघू'. रोजचा फेरा शहर ते शिरोली एमआयडीसी, महिन्यातून दोनदा गगनबावडा किंवा आंबा घाट. घरच्या घरी काय तपासता येतं? आणि दुरुस्त नाहीच केला, तर काय काय सांभाळायचं?

उद्यमनगरी

'कॉम्प्रेसर बदला' हे गेज (गॅसचा दाब दाखवणारा काटा) लावून सांगितलं की नुसतं बॉनेट उघडून? तुम्ही म्हणता तो 'टक्' आवाज एसीच्या क्लचचा, म्हणजे फिरती पुली कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या विद्युतचुंबकाचा. क्लच बसत नाही म्हणजे कॉम्प्रेसर मेला असं नाही. पुष्कळदा त्या बिचाऱ्याला बसायचा हुकूमच पोचलेला नसतो.

इंजिन बंद आणि थंड असताना कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली चकती हाताने फिरवा. पुली नव्हे, पुलीच्या पुढची चकती. थोडा, सारखा जोर लागून फिरली तर ठीक. अजिबात हलली नाही तर जाम. भिंगरीसारखी सुटी फिरली तर आत काहीतरी तुटलंय.

मग इंजिन चालू, ब्लोअर एकवर (ब्लोअर बंद असेल तर बऱ्याच गाड्यांत एसी लागतच नाही), एसी चालू. क्लचच्या वायरवर मल्टिमीटर धरा. हात आणि कपडे बेल्टपासून लांब. बारा व्होल्टच्या वर येतंय आणि तरी क्लच बसत नाही, तर दोष क्लचमध्ये. क्लचच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली. व्होल्टेजच नसेल तर मागे मागे जायचं: फ्यूज, रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा डबीवजा स्विच), गॅसच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच, डॅशबोर्डच्या आत हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर). शेजारी तसाच हॉर्नचा रिले असतो, तो अदलाबदल करून बघितला की रिलेचा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो.

आता गेज. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन चालू न करता बघायचं. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा २५ अंश असेल तर दोन्ही बाजूंना (कमी दाबाची लो साइड आणि जास्त दाबाची हाय साइड) ८० पीएसआयच्या आसपास, ३० अंशाला ९७ च्या आसपास दाब दिसतो. एवढा दिसला म्हणजे सिस्टिममध्ये थोडा तरी द्रव गॅस शिल्लक आहे. पण 'पुरेसा आहे' असा त्याचा अर्थ काढू नका, अर्धा असला तरी काटा तिथेच राहतो. बराच कमी दाखवला तर मात्र गळती नक्की. आणि दाब २८-३० पीएसआयच्या खाली गेला की प्रेशर स्विच क्लचची वाटच बंद करतो. तुमची लक्षणं मला त्यातलीच वाटतात.

रंकाळा चौपाटी

एवढा खटाटोप कशाला भावा? गॅस मारायचा, पाच-सहा महिने थंडगार. उतरला की परत मारायचा. जुन्या गाडीवर कोण एवढा खर्च करतंय?

उद्यमनगरी

@रंकाळा चौपाटी, एसी म्हणजे पेट्रोलची टाकी नव्हे. त्यात गॅस संपत नाही, गळतो. आणि गळताना तेलही घेऊन जातो. कॉम्प्रेसरला वेगळं ऑइल-पॅन नाही. जे १०० ते १५० मिली तेल असतं तेच गॅसबरोबर फिरून बेअरिंग आणि पिस्टन ओले ठेवतं. तीन वेळा टॉप-अप मारला की चौथ्या वेळी कॉम्प्रेसर करकरतो, आणि मग 'कॉम्प्रेसर बदला' हे खरंच होतं.

दुसरं, अंदाजे टॉप-अप. लहान हॅचबॅकमध्ये एकूण गॅसच साधारण ४०० ते ६०० ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. त्यात शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले की फरक कळतो: कमी पडला तर कूलिंग कॉइल पुरती गार होत नाही, जास्त झाला तर हाय साइडचा दाब चढतो आणि ट्रॅफिकमध्ये एसी कटऑफ होतो. वजनकाट्यावर बाटली ठेवून भरणारा फिटर शोधा. 'हाताला गार लागलं, बास' म्हणणारा नको.

प्रेशर स्विचला जंपर मारून (वायरचा तुकडा जोडून स्विच वगळून) क्लच बसवून दाखवणारेही भेटतील. तपासणीपुरता दोन-चार सेकंद ठीक. तसाच ठेवून गाडी चालवली तर रिकाम्या सिस्टिममध्ये कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जातो.

तांबडा-पांढरा

स्वस्तात म्हणून काही जण स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं मिश्रण भरतात, त्याबद्दल पण लिहा की. गार लई करतंय म्हणतात.

उद्यमनगरी

गार करतं, खरंय. प्रोपेन-ब्यूटेनला ते जमतं. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ती गळली तर पेटणारा वायू थेट केबिनमध्ये. समोर ब्लोअर मोटरची ठिणगी. शिवाय पुढच्या फिटरला माहीत नसतं आत काय आहे. तो आपलं मशीन लावतो आणि त्याच्या मशीनमधला गॅसही खराब होतो. नकोच.

घाटवाट

एसी नसलेल्या गाडीचा आपल्याकडचा खरा वैरी एप्रिल-मे नाही. ३७-३८ अंशात काचा खाली करून माणूस शिरोलीला पोचतो. अडचण येते जून ते सप्टेंबर, जेव्हा काच खाली करता येत नाही आणि बंद ठेवली तर समोरचं दिसत नाही. एसी हवा गार करता करता तिच्यातलं पाणीही काढतो. तो गेला की ते पाणी काचेवर बसतं.

धुकं आतून धरलंय की बाहेरून, हे आधी बोटाने बघा. बाहेरचं वायपरने जातं. आतलं असेल तर असं करा:

रीसर्क्युलेशनचा खटका बाहेरच्या हवेवर. पावसात हवा दमट आहे म्हणून लोक तो बंद ठेवतात आणि फसतात, कारण चार माणसांच्या श्वासाने आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट होते. हवेची दिशा पुढच्या काचेवर. ब्लोअर तीन किंवा चार. तापमानाचा खटका गरमकडे. आणि मागच्या दोन्ही काचा एक बोट खाली, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ब्लोअर नुसता घुमतो. काचांवर रेन व्हायजर बसवलेले असतील तर एवढ्या फटीतून पाणी येत नाही. पावसाळ्याआधी एवढी एक खरेदी करावीच.

हीटर इंजिन तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून गगनबावड्याकडे निघताना पहिले काही किलोमीटर सगळ्यात वाईट. तेवढ्यासाठी सुती पंचा हाताशी ठेवा, तळहाताने पुसू नका. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्यावर पसरतो.

काच आतून स्वच्छ असेल तर धुकं उशिरा धरतं. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ वर्षानुवर्षं काचेवर थर धरते. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसा, मग कोरड्या मायक्रोफायबरने. त्यानंतर दाढीचा फेस वाटाण्याएवढा घेऊन काचभर चोळा आणि पूर्ण पारदर्शक होईपर्यंत पुसून काढा. काही दिवस टिकतो. पुसण्यात कसूर राहिली तर रात्री चकाकी येते, म्हणून घाटात जायच्या आधी एकदा गावातच अंधारात तपासा.

आणि गाडीच्या आतलं पाणी शोधा. ओल्या मॅटखाली फोम ओला असेल तर वर काहीही करा, काच धुरकटणारच. पुढच्या काचेच्या बुडाशी जी जाळी आहे तिथलं पाणी जाणारं भोक पाल्याने बुजतं आणि पाणी ब्लोअरमधून पायाशी येतं. ओली छत्री, रेनकोट डिकीत. काचेवर तेलकट धुकं आणि गोडसर वास येत असेल तर तो पाऊस नव्हे, हीटरची कॉइल गळून कूलंट आत येतोय. कूलंटची पातळी बघा, गाडी तशीच पळवू नका.

कागलकर

+१. एक भर घालतो. उन्हाळ्यात गरम हवा येते म्हणून हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून हीटर बायपास करण्याची पद्धत आहे. मार्चमध्ये चालेल, पण मेअखेर परत जोडून ठेवा, नाहीतर वर सांगितलेलं काहीच होणार नाही.

त्याआधी गरम हवा का येते ते बघा. खटका 'थंड'वर असूनही हीटरची झडप पूर्ण मिटत नाही, कारण केबल ताणली गेलेली असते. पॅसेंजरच्या पायाशी वाकून केबलची क्लिप सोडायची, झडप हाताने पूर्ण मिटवायची, खटका टोकाला ठेवून क्लिप परत बसवायची. दहा मिनिटांचं काम. दुसरी जागा म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर. ते फाटलं की इंजिनाची गरम हवा काचेच्या बुडाच्या जाळीतून सरळ केबिनमध्ये ओढली जाते. तिसरी, गिअर लिव्हरखालचं रबरी बूट. या तीन ठिकाणांचा उष्मा बंद केला की एसी नसतानाही गाडी बरीच सुसह्य होते.

ब्लोअर फक्त चारवर चालतो अशी तक्रार असेल तर मोटर बदलू नका. रेझिस्टर जळलाय, तो स्वस्तातला भाग आहे. धागाकर्त्याचा ठीक दिसतोय.

तांबडा-पांढरा

उन्हात तापलेली गाडी पटकन गार करायला: डावीकडची मागची काच पूर्ण खाली करा आणि ड्रायव्हरचं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं उघडझाप करा. आतली भट्टी निघून जाते. मग बसा. गाडी उभी करताना काचेवर चकचकीत पडदा लावा. जाळीचे पडदे गाडी उभी असतानाच, धावत्या गाडीत काचेला काही चिकटवून दंड भरू नका. रेक्झिनच्या सीटवर सुती कव्हर किंवा साधा टॉवेल, पाठीला फार फरक पडतो.

शहरात काचा समोरासमोर न उघडता तिरक्या उघडा, पुढची डावी आणि मागची उजवी. वारा माणसांवरून जातो.

रंकाळा चौपाटी

आणि ते पाणी-बर्फ घालायचे छोटे कूलर मिळतात ते?

घाटवाट

एप्रिलच्या कोरड्या दुपारी थोडं बरं वाटतं. वळीव पडून गेला की त्यांचा उपयोग संपला, उलट केबिनमध्ये ओलावा भरतात आणि काच धुरकटते. १२ व्होल्टचा क्लिपचा पंखा त्यापेक्षा चांगला, एक-दोन अँपिअर ओढतो. मात्र तो नजरेच्या आड येईल असा बसवू नका. ड्राय आइस कुणी सुचवला तर अजिबात नाही, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचतो.

पापाची तिकटी

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. दुरुस्त करायचाच नाही असं ठरवलं तर कॉम्प्रेसर तसाच राहू द्यायचा की काढायचा? बेल्ट काढला तर?

कागलकर

बेल्टची रचना बघून ठरतं. एसीचा बेल्ट वेगळा असेल (पुष्कळ जुन्या लहान गाड्यांत असतो) तर काढून डिकीत ठेवा, प्रश्न मिटला. एकच लांब बेल्ट अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर तिघांना फिरवत असेल तर गाफील राहू नका. एसी बंद असला तरी पुली फिरतच असते, आणि पुलीचं बेअरिंग वयाने जातं. सुरुवातीला सकाळी बारीक सूं-सूं, मग घरघर. बेअरिंग धरलं की बेल्ट जळतो किंवा तुटतो, चार्जिंग बंद, पंप बंद, गाडी आंब्याच्या वळणावर उभी. म्हणून एसी वापरत नसलात तरी पुलीचं बेअरिंग तपासा. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा: खरखर किंवा हेलकावा असेल तर फक्त बेअरिंग बदलता येतं. उद्यमनगर आपल्या दाराशी आहे, पुलर आणि प्रेस असणाऱ्यांची वानवा नाही.

लहान बेल्ट टाकून कॉम्प्रेसर वगळायचा असेल तर बेल्ट पाण्याच्या पंपाच्या पुलीला पुरेसा वेढा घालतोय ना ते बघूनच. कमी वेढा म्हणजे घसरणारा बेल्ट, आणि मग चढावर तापणारं इंजिन.

पाइप सोडलेच तर तोंडं लगेच प्लॅस्टिकच्या टोपीने बंद करा. आपल्या पावसाळी हवेत उघडा ड्रायर (सिस्टिममधला ओलावा शोषणारी डबी) काही तासांत पाणी पिऊन बसतो आणि नंतर बदलावाच लागतो. मात्र आत दाब असताना नट सोडू नका: द्रव गॅस उणे २६ अंशाला उकळतो, बोटं आणि डोळे भाजतात. आत उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा.

उद्यमनगरी

याला जोडून कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी. एसी बंद असला तरी तो रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो, त्याच्या पट्ट्या बुजल्या की रेडिएटरला वारा मिळत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरमध्ये पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे यांची गोधडी होते. पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीने मारा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरने पट्ट्या आडव्या होतात. हंगाम संपला की एकदा एवढं कराच.

घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला आणि थांबायला जागा नसेल तर हीटर फुल, ब्लोअर फुल, काचा खाली. इंजिनाची थोडी उष्णता तुमच्या पायांवर येईल, पण डोकं वाचेल. म्हणजे इंजिनाचं.

चिखली फाटा

जुनी गाडी आता विकत घेताय आणि एसी बंद आहे म्हणून स्वस्तात मिळतेय, तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचा विचार डोक्यात ठेवा. ग्लोव्ह बॉक्स काढून ब्लोअरच्या घरात टॉर्च मारा. तळाला बारीक, वाळलेला गाळ दिसला तर गाडीत पाणी होतं. क्लचची पुली गंजलेली, कनेक्टरच्या पिना हिरव्या, सीटच्या रुळांवर आतल्या बाजूला तांबेरा. अशा गाडीत एसी ही शेवटची डोकेदुखी असते, वायरिंग पहिली. 'फक्त गॅस संपलाय साहेब' या वाक्यावर पैसे मोजू नका.

लक्ष्मीपुरी लेन

१९९० च्या दशकातल्या गाड्यांसाठी कुणी सांगाल का? गॅसच्या नळीची तोंडं वेगळी दिसतात.

उद्यमनगरी

आट्यांची, पेचाने बसणारी तोंडं म्हणजे आर-१२, १३४ए च्या आधीचा गॅस. झटक्यात अडकणारी जाड तोंडं म्हणजे आर-१३४ए. आर-१२ च्या गाडीत सरळ १३४ए भरला तर जुनं खनिज तेल त्यात विरघळत नाही, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. जुनं तेल काढायचं, एस्टर तेल घालायचं, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा, म्हणजे जोडांतल्या रबरी कड्या, बदलायच्या (हिरव्या रंगाच्या मिळतात), आणि जुन्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के गॅस भरायचा. कंडेन्सर जुन्या नळीचा असल्याने उभ्या ट्रॅफिकमध्ये गारवा थोडा कमीच राहील. रबरी पाइप फुगलेले असतील तर नवे दाबून मिळतात, पण एसीचाच पाइप मागा. हायड्रॉलिकचा साधा पाइप दाब सोसतो, गॅस मात्र त्याच्या भिंतीतून झिरपत राहतो.

पापाची तिकटी

सांगितल्याप्रमाणे सगळं बघितलं. चकती हाताने सारखी फिरते. कॉइल ३.६ ओहम. क्लचच्या वायरवर व्होल्टेज शून्य, फ्यूज-रिले चांगले. सकाळी २६ अंशाला गेजवर दोन्हीकडे १५ पीएसआय. कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग.

उद्यमनगरी

मग कॉम्प्रेसर कुणाला बदलू देऊ नका. १५ वर प्रेशर स्विच उघडा राहणार, म्हणून व्होल्टेज नाही. डाग दिसतोय तिथेच, बहुधा खडी लागून, गळती. तरी खात्री नायट्रोजनने करा: १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचं पाणी मारायचं. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, पाणी आत जातं. कंडेन्सरबरोबर बाकी जोड आणि डॅशखालचा पाणी सुटायचा पाइपही बघा. तिथे तेल असेल तर कूलिंग कॉइलही गळतेय आणि डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

नुसता कंडेन्सर निघाला तर बिलात एवढं वेगळं लिहून घ्या: कंडेन्सर, ड्रायर (अशा वेळी जुना ठेवायचा नाही), सोडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग, तेल, गॅस ग्रॅममध्ये. जुना कंडेन्सर काढला की आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता. स्वच्छ असेल तर छान. काळं किंवा चांदीसारखी भुकटी असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजतोय, मग हिशेब बदलतो.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं, किमान अर्धा तास. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने आपल्याकडे पूर्ण व्हॅक्यूमला काटा २८ इंचांच्या जवळ थांबतो, पुस्तकातल्या ३० ची वाट बघत बसू नका. पण २७ च्या पुढे गेलाच पाहिजे, त्याच्या अलीकडे आतलं पाणी उकळून निघत नाही. मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. हलला तर गॅस भरायचा नाही.

पापाची तिकटी

तेल नेमकं किती घालायला सांगू? आणि कुठलं?

उद्यमनगरी

नव्या कंडेन्सरसाठी २० ते ३० मिली, ड्रायरसाठी १० ते २०. हळूहळू गळालेलं तेल डागावरून मोजता येत नाही, म्हणून कॉम्प्रेसर उतरवून त्यातलं तेल मापात काढून घेणारा फिटर मिळाला तर उत्तम. ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतो, पीएजी (१३४ए बरोबर चालणारं कृत्रिम तेल) ४६ किंवा १००, दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. उघडी राहिलेली पीएजीची बाटली हवेतलं पाणी शोषते, जुलैत तर विचारूच नका.

आणि क्लच उघडा आहे तोवर फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पुली आणि चकतीमधली फट बघून घ्या. ०.३ ते ०.६ मिलिमीटर ठीक. त्यापेक्षा बरीच जास्त असेल तर आतली एक पातळ वायसर काढून कमी करायची, नाहीतर सकाळी गार आणि दुपारी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बंद, अशी नवी तक्रार घेऊन परत याल.